सामाजीच्या टेम्पोला चौऱ्याऐंशीचं चलन

तुम्ही ट्रॅफिक हवालदाराला कधी तोंडावर काही बोललायत का? पाठीमागं नव्हे. पाठीमागं सगळेच शूर असतात. तो पुढ्यात उभा आहे, तुमचं लायसन त्याच्या मुठीत आहे, मागं गाड्यांची रांग लागलीय, अशा वेळी? नसालच बोललात. मग पेणच्या सामाजी अष्टमकरची हकिगत जरा मान खाली घालून वाचा.

सामाजी म्हणजे रामवाडीच्या टेम्पो नाक्यावरचा सगळ्यात हळू माणूस. वय एकसष्ट, अंगानं सुकट, भुवया मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. बेने इस्राएली, म्हणजे आपल्या कोकणातला ज्यू. जुनी माणसं ज्यांना शनवारतेली म्हणायची त्यांच्यातला. दोघे भाऊ कधीच विमानात बसून तिकडं इस्रायलला गेले, आता तिथून फोन करून ओल्या नारळाच्या आठवणी काढतात. हा गेला नाही. का रे गेला नाहीस, असं कुणी विचारलं की म्हणायचा, "तिकडं गणपती कोण नेणार?"

कारण याचं काम तेच. जिते गावाच्या बाजूच्या कारखान्यांतून शाडूच्या मूर्ती भरायच्या आणि रोह्याला अष्टमी भागातल्या दुकानांत उतरवायच्या. शाडूची मूर्ती म्हणजे नुसती वाळवलेली माती. भाजलेली नाही, काही नाही. एक खड्डा जोरात बसला की सोंड हातात येते. म्हणून पेंढ्यात बसवून, दोऱ्यानं बांधून, टेम्पो वीसच्या पुढं न्यायचा नाही. खड्डा आला की क्लच दाबून गाडी हलकेच खाली उतरवायची, जशी बाळंतिणीला जिना उतरवतात तशी. चाळीस वर्षांत सामाजीच्या गाडीत एका मूर्तीचं बोट तुटलं नव्हतं. कारखानदार गिऱ्हाइकाला सांगताना गाडीचा नंबर सांगायचे नाहीत, सामाजीची गाडी येईल म्हणायचे. तेवढ्यावर रोह्याचा माणूस निश्चिंत.

आता नाक्यावरच्या बाकीच्या मंडळींबद्दल. ही जात बघण्यासारखी असते. चहाच्या टपरीवर बसले की ट्रॅफिकवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार. एकेकाला नाव ठेवलेलं, कुणी ढेरपोट्या, कुणी पावतीबुक्या. मी असं बोललो, मी असा नडलो, मामा गप झाला. आणि तोच मामा पांढऱ्या शर्टात वळणावर दिसला की याच तोंडांतून "नमस्कार साहेब, जेवण झालं का?" लायसनमध्ये घडी घातलेली नोट आधीच तयार. हवालदार लाचखाऊ म्हणून बोंब मारायची आणि त्याच्या तोंडात घास स्वतःच्या हातानं भरवायचा. त्यांचा पुढारी महिपती. गळ्यात जाड साखळी, आवाज ढोलासारखा, कणा मात्र पेंढ्याचा.

सन बावीसची गोष्ट. गणपती पाच दिवसांवर आले होते. शुक्रवार होता. सामाजीनं सकाळी दहाला जित्यातून त्रेचाळीस मूर्ती भरल्या. बाजूच्या सीटवर कारखान्यातली हौसा बसली. ही पद्धतच आहे. एखाद्या मूर्तीच्या डोळ्यांची आखणी अगदी निघताना होते. रंग ओला असतो. असली मूर्ती पेंढ्यात ठेवत नाहीत, कुणीतरी मांडीवर घेऊन बसतं आणि तोंडावरून फडकं अधांतरी धरतं, डोळ्यांना न लागता. त्या दिवशी हौसाच्या मांडीवर तसली एक होती, पिवळ्या फडक्याखाली.

वडखळ सोडून पुढं गेल्यावर महामार्गाचं काम चालू. काम चालू म्हणजे कसं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. पोरांची लग्नं झाली तरी चालूच आहे. तिथं मागून एक खडीचा डंपर हॉर्न मारत आला आणि सामाजीच्या अंगावरून गेल्यासारखा पुढं निघाला. त्या डंपरच्या मागं होता महिपतीचा टेम्पो, तोही हॉर्नवर हात ठेवूनच. सामाजीनं दोघांना वाट दिली. हौसानं फडकं सावरलं आणि दोघांच्या आयांची आठवण काढली. रोह्यात दीड वाजता मूर्ती उतरल्या, सगळ्या धड. दिवस मावळायच्या आत सामाजी घरी आला, बायकोनं, साराबाईनं, दिवा लावला, आणि टेम्पोची किल्ली खिळ्याला गेली. शनिवार त्यांचा विसाव्याचा वार, त्या दिवशी तो किल्लीला हात लावत नाही. मोबाइललाही नाही.

म्हणून मेसेज वाचला तो रविवारी. वेगमर्यादेचं उल्लंघन. ताशी चौऱ्याऐंशी किलोमीटर. शुक्रवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. खाली फोटो, त्यात नुसती नंबरप्लेट आणि तिच्यावरचं थोडं बॉनेट.

सामाजीनं तो साराबाईला वाचून दाखवला. साराबाई म्हणाली, या गाडीनं चौऱ्याऐंशी काढले तर मी उद्या लग्नाचं लुगडं नेसून मागं बसते. टेम्पो पन्नासला पोचला की दारं थरथरतात, हे तिला माहीत.

नाक्यावर मात्र हसून हसून लोकांना चहा जाईना. सामाजी, रेस लावलीस काय? म्हातारपणी पंख फुटले काय? आणि सल्ला सगळ्यांचा एकच: भर आणि मोकळा हो. महिपती तर मांडीवर थाप मारून सांगत होता, मी बघितलं ना, तो डंपर सुसाट गेला तुझ्या बाजूनं, मशीननं धरला त्याला आणि चिकटवलं तुला. डोळ्यांनी बघितलंय, शपथ.

"मग चल माझ्याबरोबर नि हेच तिथं सांग," सामाजी म्हणाला.

महिपतीनं साखळी सारखी केली. म्हणाला, अरे आपल्याला रोज त्याच रस्त्यानं जायचंय.

तरीही सामाजीनं कदाचित भरलं असतं. तोही काही क्रांतिकारक नव्हता. पण चार दिवसांत चलनाची बातमी जित्याला पोचली. कारखान्याचा मालक दाजी भला माणूस, पण भल्या माणसांना भीती लवकर वाटते. त्यानं सामाजीला बोलावून, इकडंतिकडं बघत सांगितलं की रोह्याचे लोक विचारतायत, सामाजी आता चौऱ्याऐंशीनं गणपती नेतो काय. तू नेत नाहीस ते मला माहीत हाय. पण सरकारनं लिहून दिलंय ना. पुढल्या वर्षी बघू.

पुढल्या वर्षी बघू. चाळीस वर्षांचं नाव, आणि ते एका मशीनच्या आकड्यापुढं हलकं झालं. सामाजी घरी येऊन जेवला नाही. चलन भरलं तर कबुली झाली, आणि कबुली झाली तर पुन्हा कुठल्या कारखान्यातली मूर्ती त्याच्या गाडीत चढणार नाही. त्यानं कागद काढला आणि चलन चुकीचं आहे असा अर्ज लिहिला.

अर्ज घेऊन तो ट्रॅफिक चौकीत गेला, तिथं दत्तात्रेय नावाचा हवालदार बसला होता. वेग मोजणाऱ्या गनच्या गाडीवर त्या दिवशी हाच होता. तरुण, केस चापून बसवलेले, आवाज मधाळ. असले मधाळच जास्त वाईट. त्यानं खुर्ची दिली, काका म्हणाला, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं की काका, शुक्रवारी एवढी घाई कसली होती?

इथं सामाजी चुकला. दुसरा कुणी असता तर घाई नव्हती म्हणून गप बसला असता. पण शुक्रवारचं नाव निघालं आणि याची छाती फुगली. म्हणाला, शुक्रवारी दिवस मावळायच्या आत मी घरात असतो. चाळीस वर्षांत एक शुक्रवार चुकला नाय. दत्तात्रेयनं मान डोलावली आणि अक्षरन् अक्षर जबाबात लिहून घेतलं. सामाजीनं वाचलं, खरंच लिहिलंय म्हणून खूश झाला आणि ऐटीत सही ठोकली. आपल्या धर्माचं कौतुक सरकारी कागदावर चढलं असं त्याला वाटलं. कागदावर चढला होता तो स्वतः.

पुढं लोकअदालतीची नोटीस आली. तिथं गर्दी बघावी. नाक्यावरचे सगळे सूट मिळते म्हणून हजर. जत्रेत भांडी घ्यायला आल्यासारखे. गुन्हा केला का नाही केला, याच्याशी एकालाही देणंघेणं नाही. कमी करा ना साहेब, एवढंच. सामाजीलाही अर्ध्यावर मिटवायला सांगितलं. तो म्हणाला, मला सूट नको, निकाल पाहिजे. मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. तो आवाज महिपतीचा होता.

मग कोर्ट. तारखेवर तारीख. सामाजीनं वकील केला नाही. साक्षीला नाक्यावरच्या प्रत्येकाला विचारलं. कुणाची सासू आजारी पडली, कुणाला त्याच दिवशी डोलवीत कंपनीचं भाडं लागलं. महिपतीनं फोनच उचलला नाही. आली ती एकटी हौसा, दिवसाचा रोज बुडवून. कोर्टाच्या पायरीवर चपला काढून आत गेली.

सरकारी वकिलांनी जबाब वाचून दाखवला. बघा, म्हणाले, हे गृहस्थ स्वतःच सांगतात की शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत घर गाठायचंच असतं. म्हणजे घाई होती. वेग होता.

सामाजीला तेव्हा कळलं आपण कुठं सही केली. कान लाल झाले. पण तो चिडला की त्याची जीभ चांगली चालते.

"वकीलसाहेब," तो म्हणाला, "मला लवकर पोचायचं असलं की मी लवकर निघतो."

न्यायाधीश बाईंनी मान वर केली. बाई बाहेरच्या जिल्ह्यातल्या, बदलून आलेल्या. गाडीत माल होता याला पुरावा काय, असं त्यांनी विचारलं. आता पुरावा कुठला दाखवणार? त्रेचाळीसच्या त्रेचाळीस गणपती कधीच कुंडलिका नदीत विरघळले होते. सामाजीनं तेच सांगितलं, आणि म्हणाला की मला धाडलेल्या फोटोत नुसती नंबरप्लेट हाय. मशीननं काय एवढाच तुकडा काढला? अख्खा फोटो मागवा. त्यात मी हाय, ही बाई हाय. चौऱ्याऐंशी दिसले तर दंड दुप्पट घ्या.

बाईंनी अख्खा फोटो मागवला. तो यायला तीन तारखा गेल्या. कधी साहेब रजेवर, कधी मशीन दुरुस्तीला. शेवटी बाईंनी आवाज चढवला तेव्हा आला.

फोटोत सामाजी स्टिअरिंगला चिकटून बसलेला. शेजारी हौसा. मांडीवर काहीतरी, वर पिवळं फडकं. मागं पेंढा आणि पेंढ्यातून वर आलेले मुकुट. आणि टेम्पोच्या उजव्या बाजूला, जवळजवळ घासून, डंपरचं अर्धं थोबाड. नंबरप्लेटच्या जागी वाळलेल्या चिखलाचा थर.

बाईंनी हौसाला विचारलं, मांडीवर काय आहे?

"गणपती. डोळे ओले होते, म्हणून फडका."

गाडी जोरात नव्हती हे तुम्ही कशावरून सांगता?

हौसानं बाईंकडं असं बघितलं, जसं अडाणी माणसाकडं बघतात. "मी फडका असा वर धरून बसलेली. बोटभर अंतर. जोरात असती तर माझा हात त्याच्या डोळ्यात गेला असता. तुम्ही बसून बघा एकदा."

बाईंनी फोटो पुन्हा जवळ घेऊन बघितला. मग बाईंनी दत्तात्रेयला विचारलं की मशीननं यातली कुठली गाडी मोजली हे खात्रीनं सांगता येईल का. त्याचा मध तिथं आटला. सांगता येणार नाही, म्हणाला. चलन रद्द झालं.

बाहेर व्हरांड्यात तो सामाजीच्या मागं आला. म्हणाला, काका, मनात ठेवू नका. डंपरचा नंबरच दिसत नव्हता. मशीननं आकडा काढला की कुणाच्या तरी नावावर टाकावाच लागतो.

"मग स्वतःच्या नावावर टाकायचा," सामाजी म्हणाला, आणि हौसासाठी वडापाव घ्यायला गेला.

निकालाची नक्कल त्यानं दाजीकडं नेऊन टेबलावर ठेवली. दाजीनं ती न वाचताच, मला माहीतच होतं रे, असं म्हटलं. सगळ्यांनाच माहीत होतं म्हणे. नाक्यावर महिपतीनं हार आणला, पेढे वाटले, आम्ही तुझ्या पाठीशी होतो असं भाषण ठोकलं. सामाजीनं हार टेम्पोच्या आरशाला अडकवला आणि पेढ्याला हात न लावता गाडी काढली. भाषण संपायच्या आत वळणावर पांढरा शर्ट दिसला, आणि महिपतीचा हात आपोआप लायसनच्या खिशाकडं गेला.

निकाल लागला त्या वर्षी दाजीनं पुन्हा मूर्ती दिल्या. तीच गाडी, तोच वेग, शेजारी हौसा. वडखळच्या पुढं टेम्पोच्या मागं रांग लागली, आणि पहिला हॉर्न वाजला तो महिपतीचाच. डंपर अजून त्याच रस्त्यावर आहेत. नंबरप्लेटवर चिखलही तसाच.

तेव्हा तुम्हाला एवढंच सांगणं आहे. श्रावण सरताना पेणहून रोह्याकडं निघालात आणि पुढं वीसच्या वेगानं जाणारा, पेंढ्यातून मुकुट डोकावणारा टेम्पो दिसला, तर हॉर्नवरचा हात काढा आणि गप मागं मागं चला. वाजवल्याशिवाय राहवतच नसेल, तर तो हॉर्न एकदा त्या बिननंबरच्या डंपरच्या तोंडासमोर जाऊन वाजवून दाखवा.