नवाच मोठा म्हणा

...आणि हेडमास्तरांच्या कानाच्या पाळीवर रक्ताचा थेंब आला, इथपर्यंत काल आपण आलो होतो. तुम्ही हसलात, तेवढ्यात मला जेवायला हाक आली. पण खरी गोष्ट त्या थेंबाच्या पुढेच आहे. हसू आवरून बसा, कारण ही गोष्ट सांगताना माझा हात अजूनही आपोआप गळ्याकडे जातो.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. वस्ताद म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी दाढीकटिंगचं दुकान चालवणारा माझा दोस्त. दुकान एका खुर्चीचं. समोर कडांना काळवंडलेला आरसा, बाजूला आम्हा रिकामटेकड्यांसाठी बाक, वर कुरकुरणारा पंखा. ब्लेड बदलायचे वस्तरे सगळीकडे आले तरी ह्या बाबानं बापाचा लांब पात्याचा वस्तरा सोडला नाही. चामड्याच्या पट्ट्यावर तो धार लावायला लागला, की पायरीवरचं कुत्रंसुद्धा उठून पलीकडे जाऊन बसायचं.

बायको, दुकान आणि क्रिकेट सोडून त्याला दुनियेत चौथी गोष्ट ठाऊक नव्हती. ह्या तिन्हींचा क्रम विचारला तर वहिनींसमोर तो कधी सांगायचा नाही. त्याचा देव एकच, जुन्या काळचा एक सलामीचा फलंदाज. रोज सकाळी दाढीला येणाऱ्या पोस्टमनचा देव दुसरा, आत्ताच्या जमान्यातला. दुकानात कुणी नावं घेत नसे. "जुना" आणि "नवा", एवढ्यावर भागायचं.

"जुना डोक्याला काही न घालता उभा राहायचा," वस्ताद गालावरून वस्तरा ओढत म्हणायचा. "रात्रभर पावसात भिजलेली खेळपट्टी. चेंडू एकदा घोट्याशी, एकदा नाकाशी. तुझ्या नव्याला उभा कर तिथं. पँट ओली होईल त्याची, आणि पावसानं नव्हे!"

"आणि तुझ्या जुन्याला," फेसाच्या आतून पोस्टमन, "आठवड्याला तीन सामने खेळायला लाव. वर त्याची एकेक चूक कॅमेऱ्यातून समोरच्यांना दाखव. महिन्याभरात घरी बसेल, घरी!"

"तेव्हाची बॅट म्हणजे नुसती फळी रे! आत्ताच्या बॅटीला चेंडूनं मुका घेतला तरी चौकार."

"मग बोलर कोण होते तेव्हा? निम्मे जण दिवसभर कचेरीत खर्डेघाशी करून चेंडू टाकायला यायचे."

"तोंड बंद कर, नाहीतर मिशी जाईल."

असं वर्षानुवर्षं. दोघांचं खेळणंच ते. आता तुम्ही म्हणाल, दोन काळांतली माणसं एका तराजूत घालायची कशी? एकाच्या वेळी खेळपट्टी झाकत नव्हते, दुसऱ्याच्या वेळी झोपू देत नाहीत. अहो, ते आम्हालाही कळत होतं. पण ज्याचा निकाल लागत नाही तेच भांडण टिकतं, आणि ते टिकणं किती गरजेचं होतं हे आम्हाला पुढे कळलं.

झालं असं, की मी बाकावर पेपर वाचत होतो आणि कुठूनतरी बारीक टकटक ऐकू येत होती. मला वाटलं पंखा. वर बघितलं, तर लाईट गेलेली. पंखा बंद. मग बघतो तर वस्तादाच्या हातातला ब्रश वाटीच्या कडेवर वाजत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, वाटी खाली ठेवली आणि म्हणाला, "थंडी आहे." बाहेर लोक छत्र्या उघडून उन्हातून चालले होते.

त्यानंतर आठवड्यात हेडमास्तरांचा कान. हेडमास्तर बिचारे अबोल, क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही, डोळे मिटून पडले होते. दुकानात कुणी बोलत नव्हतं. वस्तरा कानाजवळ आला आणि उन्हात पाणी थरथरावं तसं पातं थरथरलं. त्यांच्यामागून पोस्टमन खुर्चीत बसला, बसल्या बसल्या जुन्याला शिव्या घातल्या, आणि काय सांगू, तोच हात दगडासारखा स्थिर! गळ्यावरून वस्तरा असा फिरला, जसा लोण्यावरून चमचा.

का, ते डॉक्टरला विचारा. मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस. मला एवढंच दिसलं, की भांडण चालू तोवर हात चालू. भांडण थांबलं की हात त्याचा राहत नव्हता.

वहिनींनी मला मागच्या दाराशी गाठलं. "भाऊजी, घरी ह्यांच्या हातात कप राहत नाही. अर्धा चहा शर्टावर. म्हणतात, कपच गरम होता. दुकान बंद करा म्हटलं तर जेवत नाहीत. तुम्ही सांगा ना."

"वहिनी, खुर्ची काढून घेतली तर तो जगेल का?"

"आणि गिऱ्हाईक मेलं तर?"

मग मी जाऊन पोस्टमनला सांगितलं, पोस्टमननं समोरच्या टेलरला, आणि गल्लीत न ठरवता एक रीत पडली. खुर्चीत बसणाऱ्यानं वस्तादाशी भांडायचंच. परका माणूस पायरीपाशी दिसला, की टेलर मशीनवरून मान वर करून म्हणायचा, "दाढीला? मग आत गेल्या गेल्या नवाच मोठा म्हणा. आणि म्हणत राहा. भांडायचं नसेल तर पुढच्या चौकात दुसरं दुकान आहे, तिकडं जा." लोक आधी हसायचे. मग त्याच्या तोंडाकडे बघून हसणं थांबवायचे.

वरून सगळं मजेत चाललं होतं. दुकानात एवढा दंगा पूर्वी कधी नव्हता. पण बाकावर बसून मला दुसरंच दिसायचं. तुरटीचा खडा भराभर झिजत चालला होता. वस्ताद टॉवेल बदलायला वळला, की खुर्चीतला माणूस थुंकी गिळायचा. भांडणात श्वास घ्यायला जागा सोडायची नाही, म्हणून माणसं तीच तीच मापं काढत बसायची: जुन्याच्या वेळची सीमारेषा केवढी, नव्याच्या वेळची केवढी. आणि हल्ली भांडता भांडताही वस्ताद एखादं वाक्य अर्ध्यावर सोडायला लागला होता. त्या अर्ध्या वाक्यापुरतं पातं लकलकायचं.

तेवढ्यात पोस्टमनच्या छातीत दुखलं. दवाखान्यात बरेच दिवस काढून तो परत आला तो उतरलेला, गालावर खुंट वाढलेला. दारातच वस्तादानं त्याला मिठी मारली. "ये, आधी माणसात आणतो तुला." खुर्चीत बसवलं, फेस लावला, मान मागे टेकवली. मी बाकावर निवांत. म्हटलं, आज तर अस्सल गडी आलाय, काळजी नाही.

वस्तरा हनुवटीखाली गेला आणि पोस्टमन हळूच म्हणाला, "वस्ताद, दवाखान्यात नातीनं मोबाइलवर तुझ्या जुन्याचा खेळ दाखवला. उघडं डोकं. चेंडू कानाशी येतोय आणि ह्याची पापणी हलत नाही. मी मानलं बाबा. तुझं खरं होतं. जुनाच मोठा."

माझ्या हातातला पेपर खाली पडला.

"अहो पोस्टमन, औषधं डोक्यात गेली काय!" मी ओरडलो. "नव्याच्या धावा बघा! परदेशातला खेळ बघा!"

"नाही रे. मरता मरता वाचलोय, आता खोटं कशाला बोलू? मी मानलं."

वस्ताद हसला. तेच वाईट झालं. इतक्या वर्षांनी जिंकल्यावर माणूस हसतो तसा, सगळं अंग सैल सोडून हसला. आणि दुकान गप्प झालं. वर पंखा कुरकुरत होता, आणि त्याखाली ती टकटक सुरू झाली. ह्या वेळी वाटीवर नाही. खुर्चीच्या लोखंडी दांड्यावर त्याच्या मनगटातलं कडं वाजत होतं, आणि त्याच हातातलं पातं पोस्टमनच्या गळ्याच्या घाटीवर होतं.

पांढऱ्या फेसात एक लाल रेघ उमटली. केसाएवढी. पोस्टमन डोळे मिटून, समाधानानं पडलेला, त्याला काही पत्ताच नाही. मी उठू शकत नव्हतो. उठलो आणि वस्ताद दचकला तर? मी बसल्या जागेवरून बोलत सुटलो. बॅटी, बोलर, खेळपट्ट्या, जे तोंडाला येईल ते. जुन्याला पळपुटा म्हणालो. वस्तादाच्या बापाचा उद्धार केला. तो ऐकत नव्हता. तो आरशात स्वतःच्या हाताकडे बघत होता.

मग डाव्या हातानं त्यानं उजवं मनगट धरलं आणि ते दुसऱ्याचं असावं तसं गळ्यावरून अलगद उचलून बाजूला नेलं. वस्तरा मिटला.

"वस्ताद!" मी म्हणालो. "नवाच मोठा आहे! ऐकतोयस ना? भांड की माझ्याशी!"

तो आला, माझ्या तळहातावर वस्तरा ठेवला आणि म्हणाला, "तुलाही जुनाच आवडतो रे, मला काय ठाऊक नाही? तुम्ही सगळे माझ्या हातासाठी भांडत होतात, आणि मी तुम्हाला भांडू देत होतो. आता ह्याची राहिलेली दाढी तू कर, मी टॉवेल धरतो. आणि करताना तोंड बंद ठेव, तुझं माझ्या उलटं आहे. तू बोलायला लागलास की तुझे हात नाचतात."