मुठेल आणि काजळी

देवरूखला सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरने दादाची चिठ्ठी माझ्या हातात दिली तेव्हा मी शिकवतो ती शाळा नुकती भरत होती. ‘तुझी वहिनी सकाळी गेली. निघून ये.’ एवढंच होतं. चार दिवसांच्या तापाने गेली, हे रत्नागिरीला पोचल्यावर कळलं. दादा स्वतः डॉक्टर, तिचं मनगट त्याच्याच हातात होतं, आणि तरी... आज महिना उलटून गेला.

माझं शिक्षण रत्नागिरीत, मांडवीला त्यांच्याच घरी झालं. खेड्यांतले आजारी बघायला दादाने फटफटी घेतली होती, पण खाऱ्या वाऱ्याने आठ दिवसांत तिच्या साखळीवर गंज चढायचा. वहिनीने ते काम अंगावर घेतलं. आधी खोबरेल लावून पाहिलं, त्याला रस्त्याची तांबडी धूळ चिकटून चिखल झाला. मग खारवी होड्यांना फासतात ते माशाचं तेल आणलं, तर गावोगावची कुत्री दादाच्या मागे लागली. शेवटी तिने मुठेल घेतलं, कोकमाच्या बियांचं, पायांच्या भेगांना लावतात ते. थंड झाल्यावर ते तडकू नये म्हणून थोडं उंडीच्या बियांचं तेल, आणि दिव्यावर धरलेली काजळी. दर शनिवारी दादा साखळी उतरवून द्यायचा. ती रॉकेलने धुऊन वहिनी परसातल्या चुलीवर जुन्या कढईत हे सगळं पातळ करायची आणि साखळी त्यात सोडून द्यायची. “वरून चोपडून भागत नाही, भावजी,” म्हणायची.

एकदा तिचे वडील हातखंब्याला अंथरुणाला खिळले. “मला मागे बसवून न्या, दुपारपर्यंत परत येऊ,” ती दादाला म्हणाली. “बायकोला फटफटीवर बसवून बाजारातून नेऊ? लोक काय म्हणतील? बैलगाडी सांगतो.” गाडी सांगायची राहून गेली, आणि वहिनीचं जाणंही. त्या शनिवारी वहिनीने परसातली चूल पेटवली नाही. पुढच्याही नाही. दादाने साखळी तशीच परत चढवली.

त्यानंतरच्या मंगळवारी देवरूखच्या पलीकडून माणूस आला. बाळंतीण दोन दिवस अडली होती. पालीच्या पुढच्या चढावर साखळी तुटली. दादा बॅग घेऊन उन्हातून चालत गेला, पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. बाई दुपारीच गेली होती, पोटातल्या मुलासकट.

घरी येऊन दादा इतकंच म्हणाला, “साखळी तुटली. बाई गेली.” पुढे वहिनीला त्याने एका शब्दाने दुखावलं नाही. मला वाटतं, बोलला असता तर तिला सोपं गेलं असतं. आठ दिवस तिचं जेवणात लक्ष नव्हतं. मग म्हणाली, “मला त्या घरी न्या.” या वेळी दादाने लोकांचं नाव काढलं नाही. डोक्यावरून पदर घट्ट घेऊन ती त्याच्या मागे बसली, आणि मी दारातून बघत राहिलो.

तिथे काय झालं ते दादाने मला आता, ती गेल्यावर सांगितलं. गेलेल्या बाळंतिणीची आई पडवीत पावटे सोलत होती. वहिनी तिच्यासमोर जमिनीवर बसली. “साखळीचं काम माझं होतं. मी रागाने केलं नाही. म्हणून हे वेळेवर पोचले नाहीत.” म्हातारीने हातातली शेंग सोलून सुपात टाकली. मग म्हणाली, “कुनावर रागवू ते मला कलत नव्हतं, बाये. आता तू सांगितलास. तुज्यावर रागवीन.” आणि उठून तिने आतून पेज आणली, वहिनीपुढे ठेवली. “तिने ती सगळी संपवली,” दादा म्हणाला.

पुढे इतक्या वर्षांत तिचा एक शनिवार चुकला नाही. फटफटीवर मात्र ती पुन्हा कधी बसली नाही. शेवटच्या तापातही शनिवारी उठून परसात गेली होती, दादाने हाताला धरून आत आणलं.

मागच्या आठवड्यात मी रत्नागिरीला गेलो तेव्हा दादा चुलीपाशी उकिडवा बसला होता. साखळीवर मुठेलाच्या पांढुरक्या गुठळ्या धरल्या होत्या, कड्यांच्या आत काही गेलं नव्हतं.

“ती हे किती तापवायची रे?”

सहा वर्षं मी त्या घरात जेवलो. “मी कधी बघितलं नाही,” म्हटलं.

“मीही नाही,” दादा म्हणाला. हात पुसून त्याने बॅग उचलली आणि शिरगावचा आजारी बघायला चालत निघाला.