बेलार्मिनोकाकांचं अकराचं घड्याळ

यंदाच्या वसंतापर्यंत आमच्या गावात डोंगराच्या माथ्यावर न गेलेली माणसं शोधायची म्हटली तर दोनच सापडायची. एक माझे बाबा आणि दुसरे बेलार्मिनोकाका. बाकी सगळे जाऊन आलेत. पाद्री झगा कमरेला खोचून गेले होते. पोस्टातली बाई गेली आणि तिनं वरून स्वतःलाच पत्र लिहिलं. बेकरीतला कुत्रासुद्धा एकदा कुणाच्या तरी मागं मागं गेला, आणि तेव्हापासून तो खालच्या कुत्र्यांना ओळख देत नाही, असं ओफेलिनामावशी म्हणते. बेकरी तिची, कुत्राही तिचा, त्यामुळे तिला माहीत असणार.

गंमत म्हणजे काकांइतक्या वेळा त्या डोंगरावर कुणीच गेलेलं नाही. बावीस वसंत ऋतू, बावीस वेळा. आणि बावीसही वेळा माथ्याच्या अलीकडून परत.

काका हिवाळ्यात स्कीवाल्यांना वर ओढणाऱ्या जुन्या दोराचं इंजिन सांभाळतात, उन्हाळ्यात लाकूडतोड्यांच्या करवती दुरुस्त करतात. हाताला बारा महिने तेलाचा वास. बोलणं म्हणाल तर एकच शब्द, "बघू." करवत कधी मिळेल? बघू. पाऊस येईल का? बघू. लग्न कधी करणार, असं कुणीतरी तरुणपणी विचारलं होतं म्हणे. तेव्हाही "बघू" म्हणाले, आणि आता एकसष्टीला आलेत, अजून बघतायत.

माझे बाबा याच्या अगदी उलट. बाबा शाळेची बस चालवतात आणि "म्हणजे कसंय" असं म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरूच होत नाही. त्यांचं नाव वेन्सेस्लाओ, पण एवढं नाव घ्यायला वेळ कुणाला आहे? सगळे वेंचो म्हणतात. डोंगर चढताना बाबा बोलत असतात, बोलताना दम लागतो, दम लागला की थांबतात, आणि थांबले की पुन्हा बोलायला दम येतो.

काका बावीस वेळा का परत फिरले, त्याचं कारण इथंच आहे. पहिल्या वर्षी बाबा, काका आणि ओफेलिनामावशी हे तिघं मित्र काहीही झालं तरी माथा गाठायचाच म्हणून हट्टानं चढत राहिले. बाबांच्या चालीनं दुपारचा एक वाजला. वसंतातला बर्फ सकाळी दगड असतो, मग छान रवाळ होतो, आणि त्यानंतर त्याची पेज होते. त्या पेजेचा एक अख्खा पट्टा सुटला आणि ओफेलिनामावशीला घेऊन खाली गेला. गळ्यापर्यंत गाडली गेली होती.

"वीस मिनिटं आम्ही खोदत होतो," बाबा सांगतात, "आणि वीस मिनिटं ही बाई आम्हाला शिव्या घालत होती. म्हणजे कसंय, शिव्या ऐकू येत होत्या म्हणून तर कुठं खोदायचं ते कळलं."

पुढच्या वर्षी काकांनी स्वयंपाकघरातलं गजराचं पिवळं घड्याळ लोकरीच्या मोज्यात घालून सोबत आणलं. अकराचा गजर. तो वाजला की जिथं असाल तिथून मागं फिरायचं, माथा हातभर राहिला असला तरी. आणि दुसरा नियम, जो सगळ्यात हळू चालतो त्याला एकटं सोडायचं नाही. त्याच्याबरोबर काका राहणार. आता सगळ्यात हळू कोण, हे मी सांगायला नको. बाकीचे पुढं जाऊन माथा शिवून यायचे, आणि डोंगराच्या खांद्यावर काका आणि बाबा भाजक्या गव्हाचं पीठ पाण्यात कालवून पीत बसलेले असायचे. घड्याळ वाजलं की काका म्हणायचे, "चला, परत फिरा."

उतरतानाही काकाच शेवटी. कुणी पडलं तर उचलायला. म्हणजे बावीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांनी उकरून ठेवलेल्या बर्फातून स्की करत खाली आला.

यंदा मे महिन्यात तेमुको शहरातल्या डॉक्टरनं काकांचा उजवा गुडघा बघितला. नोव्हेंबरात सांधा बदलायचा आणि त्यानंतर स्की बंद. काका म्हणाले, "बघू." डॉक्टर म्हणाला, "बघायचं नाही. बंद."

त्याच आठवड्यात ओफेलिनामावशीनं आम्हाला बेकरीच्या मागच्या खोलीत बोलावलं.

"हा माणूस या वर्षी वर पोचला नाही तर मी भट्टी विझवून टाकीन, कळलं का? बावीस वर्षं तो का पोचत नाही? त्याचं कारण इथं बसून माझी चौथी सोपाइपिया खातंय."

"तिसरी," बाबा म्हणाले.

"ठेव ती खाली!"

बाबांनी ती भोपळ्याची तळलेली पुरी ठेवली. नुसती ती नाही, पाव सोडला. आमच्या देशात माणसं धर्म सोडतील, पण पाव सोडणारा मी पहिलाच बघितला. पोरांना शाळेत सोडलं की बाबा पिठाचं पोतं पाठीवर घेऊन शाळेमागची टेकडी चढायचे. पोरं खिडकीतून फेऱ्या मोजायची. "वेंचोकाका, आज पाच!" बाबा वरून ओरडायचे, "सहा! म्हणजे कसंय, एक तुमच्या प्रार्थनेच्या वेळी झाली!"

ऑक्टोबरातल्या, म्हणजे आमच्याकडच्या वसंतातल्या, एका रविवारी, फटफटायच्या आधी, आम्ही चौघं निघालो. मावशी, बाबा, काका आणि मी. आरौकारियाच्या झाडांखाली बर्फ कडक होता. स्कीच्या तळाला मागं न घसरणारी कातडी लावली आणि चालायला लागलो.

एक गोष्ट मात्र विचित्र होती. कुणी वेळेचं नावच काढत नव्हतं. एरवी बाबा दर वळणावर "वाजले किती?" विचारतात. आज गप्प. मावशी सूर्याकडं बघायची आणि लगेच बुटांकडं बघायची. मी गप्प होते, कारण मला माझं कारण होतं. पहिल्या थांब्यावर काका झाडामागं गेले होते, तेव्हा मी त्यांच्या पिशवीतलं घड्याळ अर्धा तास मागं केलं होतं. अर्ध्या तासानं काही बिघडत नाही, आणि काकांना तेवढा वेळ मिळाला असता, असा माझा हिशेब.

बाबांनी कमाल केली. बोलले नाहीत, थांबले नाहीत, सगळ्यांच्या पुढं. मावशी मागून म्हणाली, "अरे वेंचो, हळू! कुणाचं पाकीट मारून पळतोयस का?"

मग माझं लक्ष आवाजाकडं गेलं. मागून काकांच्या स्की येत होत्या, आणि त्या नेहमीसारख्या सर्र, सर्र येत नव्हत्या. सर्र... टक. सर्र... टक. एक पाय सरकत होता आणि दुसरा उचलून ठेवला जात होता. नंतर त्या आवाजांमधलं अंतर वाढत गेलं.

डोंगराच्या खांद्यावर पोचलो तेव्हा मागं वळून बघितलं. काका खूप खाली होते. आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं. अख्खा हिवाळा बाबांना सगळ्यात हळू असण्यातून बाहेर काढण्यात गेला होता. काकाच सगळ्यात हळू असतील, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

काका आले, बर्फावर बसले, गुडघा दोन्ही हातांनी धरला. माथा समोर होता. त्यावरचे दगडसुद्धा मोजता येत होते.

"माझ्या चालीनं अजून दीड तास," ते म्हणाले. "तेवढा नाहीये."

"आहे की!" मी म्हटलं. "काका, घड्याळ तर बघा. खूप वेळ आहे."

"हो हो, घड्याळ बघ," मावशी म्हणाली.

"म्हणजे कसंय, आधी घड्याळ बघावं माणसानं," बाबा म्हणाले.

काकांनी मोज्यातून घड्याळ काढलं. त्याच्याकडं बघितलं. मग डोक्यावर आलेल्या उन्हाकडं बघितलं. मग आमच्याकडं.

"या घड्याळाप्रमाणे," ते म्हणाले, "नऊला दहा कमी आहेत."

आम्ही तिघंही आपापल्या बुटांकडं बघायला लागलो.

"मला वाटतं दहा वाजून वीस मिनिटं झालीत. चिमणे, तू किती मागं केलंस?"

"अर्धा तास," मी म्हटलं.

"ओफेलिना?"

"मी पाव भरताना. अर्धाच तास, कळलं का? जास्त नाही."

"वेंचो?"

बाबांनी टोपी काढली. "सामान गाडीत टाकताना. म्हणजे कसंय... अर्धा."

काका हसायला लागले. काका हसतात तेव्हा आवाज येत नाही, फक्त खांदे हलतात. इतके हलले की पाठीवरची बर्फात रोवायची कुऱ्हाड खडखड वाजायला लागली.

"अरे गाढवांनो, घड्याळ तुमच्यासाठी आहे. माणसाचं तुम्ही ऐकत नाही, गजराचं ऐकता, म्हणून आणतो. मला काय करायचंय ते?" त्यांनी हातमोजा काढला आणि मूठ बर्फात दाबली. बोटांची पेरं तेवढी रुतली. "पेज व्हायला अजून चाळीस मिनिटं आहेत. वेंचो, तुला वीस पुरतील. जा वर."

"मी? तुझ्याशिवाय?"

"पोरीला घेऊन जा."

"मी नाही जाणार. बावीस वर्षं तू माझ्याबरोबर बसलास..."

"बावीस वर्षं मी तुझ्यामुळं परत फिरलोय," काका म्हणाले. असं काही मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "आज तू माझ्यामुळं परत फिरलास तर इथूनच ढकलून देईन तुला. हळू माणसाबरोबर कुणीतरी थांबायचं असतं. ओफेलिना थांबेल. ती सात वेळा जाऊन आलीय."

"आठ," मावशी म्हणाली आणि त्यांच्या शेजारी बसली.

आम्ही बुटांना काटे बांधले आणि गेलो. वर काय होतं ते सगळ्या गावाला माहीत आहे, त्यामुळं सांगत नाही. एवढंच सांगते की बाबा वर पोचल्यावर काहीच बोलले नाहीत. मी वाट बघितली. "म्हणजे" सुद्धा नाही. टोपी हातात धरून उभे राहिले, मग खाली खांद्यावरच्या दोन ठिपक्यांना हात केला. त्यातल्या एका ठिपक्यानं लगेच "खाली या" असा हात केला.

परत आलो तेव्हा काका स्कीची कातडी सोडवत होते.

"काय दिसलं?"

"काही नाही रे," बाबा म्हणाले. "दगड. धुकं."

आकाशात ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता.

"खोटारडा," काका म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "हवा होता मला तो माथा. पण बघू, तू संध्याकाळी सांग सगळं. काही गाळू नकोस."

"हा गाळणार?" मावशी म्हणाली.

त्यांनी स्की पायात अडकवल्या आणि सवयीनं बाजूला सरकले, आम्ही पुढं जावं म्हणून. खाली सगळा उतार पडला होता. एकही रेघ नाही, नुसता रवाळ बर्फ, वरून ओलसर चमकणारा. आम्ही तिघंही हललो नाही.

"चला की," काका म्हणाले.

"तुझी चाल आज सगळ्यात हळू," मावशी म्हणाली. "आम्ही मागं राहणार. नियम तूच केलायस, कळलं का?"

काकांनी आमच्याकडं बघितलं, उताराकडं बघितलं. मला वाटलं आता "बघू" म्हणणार. ते सरळ सुटले.

चढताना जो पाय टक टक करत होता तो उतरताना कुठं गेला, मला माहीत नाही. डावं वळण मोठं, उजवं जरा जपून, डावं मोठं, उजवं जपून. खाली झाडांपर्यंत एकच रेघ. आम्ही पेज व्हायच्या आत निघायला हवं होतं, तरी ती रेघ पूर्ण होईपर्यंत कुणी काठी उचलली नाही. मग आम्ही निघालो, आणि तिघंही तिच्यापासून लांबून उतरलो.

गाडीच्या पाठीमागं बसून आम्ही सोपाइपिया खात होतो. बाबा पाचवीवर होते आणि सांगता सांगता माथ्यावरच्या तिसऱ्या दगडापर्यंत आले होते. तेवढ्यात काकांच्या पिशवीतून, मोज्यातून, घुसमटल्यासारखा गजर सुरू झाला. त्या घड्याळाचे अकरा वाजले होते.

चौघंही सवयीनं ताडकन उठून उभे राहिलो.

काका वर माथ्याकडं बघत होते. "चला," ते म्हणाले, "परत फिरा." पण फिरले मात्र नाहीत. आम्हीही फिरलो नाही. गजराची चावी संपेपर्यंत चौघंही तिथंच उभे होतो.