दुसरं ताट

सुरुवातीलाच सांगते, माझा असल्या गोष्टींवर अजिबात विश्वास नाही. म्हणजे... नव्हता. नांदगाव पेठच्या एका कापडाच्या युनिटमध्ये मी क्वालिटी चेकिंगला आहे. दिवसभर उजेडापुढे कापड ताणायचं आणि त्यातला दोष शोधायचा, हेच माझं काम. या ग्रुपवरचे बरेच अनुभव वाचून मी हसलेली आहे. आता तुम्ही मला हसा, माझी हरकत नाही.

आधी घरचं थोडं सांगते. मी आणि माझी ताई सख्ख्या बहिणी, एकाच घरात दिलेल्या. ती थोरल्या भावाला, मी धाकट्याला. ती अकोल्याला असते, आम्ही अमरावतीला. सासर हिवरखेडचं. सासूबाई होत्या (आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो) तोवर भाद्रपदात महालक्ष्म्यांना सगळे गावी जमायचो. त्या गेल्या, गावचं घर विकलं, आणि वाटणीला बसलेल्या एका काकांनी महालक्ष्म्याही वाटून टाकल्या!

"दोघी भैनी, दोन महालक्ष्म्या. मोठी मोठीले, लहानी लहानीले. झालं!"

तेव्हा सगळ्यांना हे फार हुशारीचं वाटलं. पण ज्येष्ठा अकोल्याला आणि कनिष्ठा अमरावतीला, मग बसवायच्या कशा? एकटी तर कोणी बसवत नाही. मी म्हणायची तिनं इकडे आणावी, ती म्हणायची मी तिकडे न्यावी. यावरून फोनवर जे बोलणं झालं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर तीन वर्षं आम्ही बोललोच नाही. लहानपणी ताई शाळेतून आल्याशिवाय मी ताटाला हात लावत नसे. तिची आठवण रोज यायची, अगदी रोज. पण मोठी ती आहे ना? मग फोन तिनं करावा, असा माझा हेका.

तर मागच्या श्रावणात आमच्या भिशीच्या मैत्रिणींची पार्टी माझ्याकडे होती. थीम मीच काढली — प्रत्येकीनं एक पदार्थ होऊन यायचं. रविवारची दुपार. एक गिला वडा होऊन आली, पांढऱ्या साडीवर कापसाचं दही थापून. दुसरी ठेचा, गळ्यात हिरव्या मिरच्यांची माळ, त्यामुळे तिच्याजवळ कोणी बसेना. मी झाले होते पुरणपोळी.

हॉलमध्ये पाहुण्यांच्या स्वागताला काहीतरी उभं करावं म्हणून माळ्यावरून मी आमच्या कनिष्ठेची कोठी काढली. कोठी म्हणजे पत्र्याचं पोकळ धड असतं. त्याला साडी नेसवतात आणि वर मुखवटा बसवतात. मी तिला पिवळी साडी नेसवली आणि मुखवट्याच्या जागी पुठ्ठ्याची गोल पुरणपोळी लावली. नवरा म्हणाला, "देवीचं हाये ते, कायले खेळ करून राहिली?" मी म्हटलं, मुखवटा थोडीच लावलाय, नुसता तर पत्रा आहे. मुखवटा कपाटात होता, कापडात गुंडाळलेला, कुलपात. तिच्यापुढे शोभेला म्हणून एक भरलं ताट मांडलं. पुरण मीच केलं होतं, तीन वर्षांत पहिल्यांदा.

मग सगळ्या फोटो काढायला गच्चीवर गेलो. शेजारचं मांजर फार आगाऊ आहे, म्हणून जाताना हॉलचं दार मी ओढून घेतलं.

हे आत्ता लिहितानाही अंगावर काटा येतोय. कारण महालक्ष्म्यांच्या जेवणाला आमच्याकडे नेमकं हेच करतात. पुढे ताट वाढायचं, दार ओढायचं आणि सगळ्यांनी बाहेर जायचं... त्यांना जेवू द्यायचं. पण त्या वेळी माझ्या डोक्यात फक्त मांजर होतं.

थोड्या वेळानं नीलिमा वर आली. ती आमच्या युनिटमध्ये नवीनच, नाशिकची. जांभळी साडी नेसून भरीत झाली होती, आणि उशिरा आली होती. आल्या आल्या म्हणाली, "खाली दोघींना काय सुंदर सजवलंय गं! पण एकीपुढेच ताट का? मी दुसरीला पण वाढून ठेवलं."

"दुसरी कोण?"

"अगं, शेजारी उभी आहे ती. हिरवी साडी, लाल काठ. तिच्या तोंडावर पदर ओढलेला आहे बघ."

मी जिना उतरून खाली आले. हॉलमध्ये कोठी एकच होती, माझीच, पिवळ्या साडीतली. ताटं मात्र दोन होती. दुसरं ताट कोठीच्या डाव्या अंगाला, रिकाम्या जागेपुढे नीट मांडलेलं. आणि दोन्ही ताटांतल्या पोळ्यांचा एकेक घास मोडलेला.

नीलिमा माझ्यामागून आली, आणि तिचा चेहरा उतरला. ती थट्टा करणाऱ्यातली नाही. आणि केली असती तरी तिला कुठून माहीत असणार, की वाटणीच्या दिवशी ज्येष्ठेची कोठी अकोल्याला गेली ती हिरव्या, लाल काठाच्या साडीत गुंडाळून? ती आत्याबाईंची साडी होती. बाकीच्यांना मी काही बोलले नाही. पार्टी कशीबशी उरकली.

दिवेलागणीला फोन वाजला. ताईचा होता. तीन वर्षांनी.

"काय वं, आज पुरण केलं काय तू?"

मी वळून कोठीकडे पाहिलं.

"बोल ना वं! दुपारी माळ्यावर पत्रा वाजला. मले वाटलं मांजर असन. वर जाऊन मोठीचं पोतं सोडलं, त... मुखवट्याच्या ओठाले पुरण लागेल हाये. ओलं. माया घरात चन्याची डाय बी नाही वं!"

मी रडायलाच लागले. भीतीनं, की तिचा आवाज ऐकून, ते मला आजही सांगता येणार नाही. ती म्हणाली, "पुसू काय मी ते?" मी म्हटलं, "नको पुसू. घेऊन ये."

नवऱ्याचं म्हणणं, ताईनं माझ्या स्टेटसवर पार्टीचे फोटो पाहिले असतील, आणि फोन करायला काहीतरी निमित्त हवं म्हणून गोष्ट रचली असेल. खरं सांगू? तसं असतं तरी मला चाललं असतं. घास उंदरानं मोडला म्हणावा. नीलिमाला भास झाला म्हणावा. दोष शोधायची मला सवय आहे, मी सगळीकडून शोधून पाहिला.

दुसऱ्याच दिवशी ताई बसनं आली, मांडीवर पोतं घेऊन. अकोल्यापासून तिनं ते कोणाला हात लावू दिलं नव्हतं. मुखवटा काढून माझ्या हातात दिला. ओठांवर पिवळं वाळलेलं होतं. मी नखानं जरासं खरवडलं आणि वास घेतला. सुंठ! मी पुरणात सुंठ घालते, ताईला ती चालत नाही, ती वेलची घालते. तेवढ्यावरून आमची पूर्वी भांडणं व्हायची.

"तुहंच हाये ना?" ताईनं विचारलं. मी मान हलवली.

मग ती म्हणाली, "तुहीवाली कुठी हाये?"

आदल्या संध्याकाळपासून मी त्या कपाटाला हात लावला नव्हता. हिंमतच झाली नव्हती. ताईनं माझा हात धरला, आणि कुलूप आम्ही मिळून काढलं. कापड सोडलं. कनिष्ठेच्या ओठांवर तसंच पिवळं, तसंच वाळलेलं... तोच सुंठेचा वास.

कपाटाची एकच किल्ली आहे, ती माझ्या मंगळसूत्रात असते. मी कितीही ताणून पाहिलं, या ठिकाणी मला दोष सापडत नाही. अजूनही नाही.

आम्ही दोघी तिथेच जमिनीवर बसलो. मी तिला नीलिमाचं, दुसऱ्या ताटाचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, "ताई, मी तर एकच ताट मांडलं होतं गं. मोठीला दुसरं का हवं होतं?"

ताईनं दोन्ही मुखवटे शेजारी शेजारी ठेवले, मोठी डावीकडे. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मंग? लहानी एकटी जेवली असती काय?"