फेरीबोट बंद, गाडीत एक फ्रेंच माणूस

सेंट जेनेव्हीव्हला मी नवऱ्याबरोबर जाणार होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात माझी निवड कुठेच नव्हती. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मिसूरीतल्या या जुन्या फ्रेंच गावात दोन रात्रींचं बुकिंग केलं होतं, कॅन्सल केलं तर पैसे परत नाहीत असलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी श्रीकांत ऑफिसमधून आला आणि बूटही न काढता म्हणाला, "सॉफ्टवेअरची रिलीज अलीकडे ओढलीय. वीकेंडला लॉगिन करावं लागणार."

 मी जे बोलले ते ब्लॉगवर लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात भाचीचा, रेवाचा फोन आला. रेवा माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी. जन्म, शाळा, सगळं टेक्सासमधल्या प्लेनोत. आता शिकागोत फिजिओथेरपिस्ट आहे. वय एकोणतीस. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. श्रीकांत येत नाहीये हे मी सांगताच ती म्हणाली,

"मावशी, आय विल कम! कॅन आय ब्रिंग तिबो? ही इज फ्रेंच. ही विल लव्ह इट."

"तिबो कोण?"

"अ फ्रेंड." मग जरा थांबून, "काइंड ऑफ."

इथेच मी नाही म्हणायला हवं होतं.

दिवस पहिला: नेपरव्हिल ते मिसिसिपी

सकाळी सातला दोघं शिकागोहून ट्रेनने आमच्या नेपरव्हिलला आले. तिबो उंच, किडकिडीत, एप्रिलमध्येही गळ्यात मफलर. फ्रान्समधल्या लिऑंचा आहे, इथल्या विद्यापीठात बॅटऱ्यांवर संशोधन करतो. मला "मादाम" म्हणाला. रेवाने "मावशी म्हण" सांगितल्यावर "माउशी" म्हणाला आणि तीन दिवस तसंच म्हणत राहिला.

रस्ता सोपा आहे. आय-५५ पकडायचा आणि दक्षिणेला जात राहायचं. न थांबता साडेपाच तास, थांबलात तर सात. आम्हाला नऊ लागले, कारण आमच्या गाडीत दर दहा मैलांवर एक वाद होता. (सगळे इंग्रजीत, मी मराठीत लिहितेय.) पहिला जोलिएटला. तिबोने पाटी वाचली आणि "जोलिए" म्हणाला. रेवा म्हणाली, "जोलिएट." थोड्या वेळाने नदी आली, डेस प्लेन्स. तिबोने डोळे मिटून घेतले. "दे प्लेन! हे आमचे शब्द आहेत. तुम्ही त्यांचं काय केलंय?"

"आता आमचे आहेत," रेवा म्हणाली.

दोघांच्या भांडणात गाडी चालवणारी मी नागपूरची. माझा इथे काय संबंध?

तेवढ्यात गाडीच्या स्पीकरवर ताईचा फोन आला. ताई म्हणजे रेवाची आई. तिबो नावाचा कोणी माणूस जगात आहे हे तिला माहीत नव्हतं. रेवाने आरशातून माझ्याकडे हात जोडले. मी ताईला म्हटलं, मी आणि रेवा, दोघीच चाललोय, मज्जा. आणि नेमका मागच्या सीटवर तिबो शिंकला.

"कोण गं ते?"

"जीपीएस," मी म्हटलं. वयाच्या बावन्नाव्या वर्षी.

"जीपीएस शिंकतो?"

मी बोगद्यात शिरतेय असं सांगून फोन ठेवला. इलिनॉयमध्ये त्या रस्त्यावर बोगदा नाही, हे ताईला ठाऊक नसावं अशी आशा.

दुपारी स्प्रिंगफील्डला थांबलो. तिथे हॉर्सशू नावाचा प्रकार मिळतो: जाड ब्रेड, त्यावर मांस, त्यावर डोंगरभर फ्राइज आणि वरून पातळ चीज. माझ्यासाठी मांसाऐवजी व्हेजी पॅटी घालून दिली. एक प्लेट दोघांना पुरते. वेट्रेस सगळ्यांना "हनी" म्हणत होती. तिने विचारलं, "कसं आहे सगळं?"

"अमेझिंग!" रेवा म्हणाली.

"वाईट नाही," तिबो म्हणाला.

वेट्रेसचा चेहरा पडला. ती गेल्यावर रेवा त्याच्यावर उखडली. "तू तिला हर्ट केलंस!"

"मी तारीफ केली! आमच्याकडे 'वाईट नाही' म्हणजे चांगलं. तू या बटाट्यांना अमेझिंग म्हणतेस, मग खरंच काही अमेझिंग घडलं तर काय म्हणशील?"

रेवा उठून वेट्रेसकडे गेली, त्याच्या वतीने माफी मागून आली, टीपही जास्त ठेवून आली. तिबो माझ्याकडे वळला. "माउशी, माझी माफी ती का मागते?"

मी लोणचं खात होते. त्यात लक्ष असल्यासारखं केलं.

खरं तर दिवसाचा शेवट सुंदर व्हायचा होता. प्रेरी डू रोशर या छोट्या गावापुढे मिसिसिपीवर फेरीबोट आहे. गाडीसकट पलीकडे, थेट सेंट जेनेव्हीव्हजवळ उतरवते. कित्येक दिवस मी त्याचे फोटो बघत होते. नदीकाठी पोचलो तर रस्त्यावर आडवं लाकूड आणि पाटी: पाणी चढल्यामुळे बंद. (तुम्ही वसंतात जात असाल तर निघण्याआधी फोन करून विचाराच. मी केला नव्हता.) मग चेस्टरच्या पुलावरून वळसा, तासभर जास्त. त्या तासात कोणीही कोणाशी बोललं नाही, आणि मला पहिल्यांदाच प्रवासाचा आनंद मिळाला.

दिवस दुसरा: जुनी घरं आणि नवी भांडणं

मूळ ठिणगी आदल्या संध्याकाळी पडली होती. आमचं इन म्हणजे एका जुन्या घरातल्या पाच खोल्या. मालकीण बेथ साठीची, भलतीच मनमोकळी. चावी देताना तिने रेवा आणि तिबोकडे बघून विचारलं, "तुम्ही दोघं कपल? एक खोली की वेगळ्या?"

मी पटकन सांगितलं, आम्ही दोघी एका खोलीत, तो दुसरीत. पण रेवानेही उत्तर दिलंच. "ओह, आम्ही असंच भेटतोय. अजून लेबल वगैरे लावलं नाहीये."

तिबो हसला नाही. बॅग उचलून वर गेला.

सकाळी आम्ही गावातलं एक जुनं घर बघायला गेलो. ही घरं बघण्यासारखी आहेतच. लाकडाचे ओंडके आडवे रचण्याऐवजी उभे, सरळ जमिनीत रोवलेले. दोनशेहून जास्त वर्षं तशीच उभी. गाइड पोरगी उत्साहाने सांगत होती आणि तिबो तिच्या शेजारी उभा राहून, हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात रेवाला म्हणाला, "लेबल म्हणजे काय?"

"आता नको."

"मी तुला ऑक्टोबरमध्ये किस केलं. आमच्याकडे त्यानंतर प्रश्न संपतो. आपण एकत्र आहोत. त्यात लावायचं काय असतं?"

"इथे तसं नसतं, तिबो. इथे आधी डेट करतात. मग बसून बोलतात, की आपण आता एक्सक्लुझिव्ह आहोत का. आपण कधी बोललोच नाही. म्हणून मी..." ती थांबली.

"म्हणून तू काय?"

"नोव्हेंबरमध्ये मी एका डेंटिस्टबरोबर डिनरला गेले. दोनदा."

गाइड बोलायची थांबली. ग्रुपमधले एक आजोबा काठीवर रेलून ऐकायला लागले. मी छताच्या तुळया बघत होते. तुळया चांगल्या आहेत, हे मी खात्रीने सांगू शकते.

तिबो पांढरा पडला. "मला जानेवारीत फ्रान्समध्ये, ग्रेनोब्लला कायमची नोकरी मिळत होती. मी नाही म्हणालो. तुझ्यासाठी."

"काय?" आता रेवाचा आवाज चढला. "माझ्यासाठी? आणि मला न विचारता? तीन महिने मला सांगितलं नाहीस?"

"विचारायचं काय त्यात? आपण एकत्र होतो!"

"आपण एकत्र आहोत हे मला माहीत नव्हतं!"

तो बाहेर पडला आणि चालायला लागला. फोन त्याचा माझ्या गाडीत चार्जिंगला.

अर्धा तास वाट बघितली. रेवा अंगणातल्या बाकावर बसली होती. ही पोरगी माझ्याशी कधी मराठीत बोलत नाही. लहानपणी एकदा बोलली होती, तेव्हा सगळे हसले, तेव्हापासून नाही. ती खाली बघत, मराठीत म्हणाली, "मावशी, मी चुकले का?"

माझा सगळा वैताग क्षणभर कुठे गेला कळेना. मी म्हटलं, "चुकली नाहीस. पण त्याला तुझे नियम माहीत नव्हते, आणि तुला त्याचे."

"त्याला शोधायला जायला हवं का?" तिने विचारलं.

"तू जा."

"नो. ही इज अ ग्रोन मॅन."

म्हणजे मी जाणार हे उघड होतं.

गाव लहान आहे, मुख्य चौक दहा मिनिटांत पायी होतो. चर्चमध्ये बघितलं, बेकरीत बघितलं. बेकरीवाली म्हणाली, मफलरवाला माणूस नदीकडे गेला. फेरीबोटीचा या काठचा धक्का गावापासून दोनेक मैलांवर. मी गाडी काढली.

तो तिथेच होता, बंद फाटकावर बसलेला. शेजारी टोपी घातलेले एक म्हातारे काका, बोटीवर कामाला असलेले, पाण्याची पातळी बघायला आले होते. त्यांची आजी घरात फ्रेंच बोलायची, आणि त्यातले दहापर्यंतचे आकडे एवढंच त्यांच्याकडे उरलं होतं. ते तिबोला म्हणून दाखवत होते. तिबो एकेक आकडा ऐकून मान हलवत होता. उच्चार सुधारत नव्हता. आदल्या दिवशीचा तिबो मला बघा इथे दिसलाच नाही.

"याचं काय बिनसलंय?" काकांनी मला विचारलं.

मी थोडक्यात सांगितलं. का सांगितलं माहीत नाही; बहुधा कोणालातरी सांगायचंच होतं. काका विचार करत म्हणाले, "मी आणि माझी बायकोही तसलं काही बोललो नव्हतो. मी तिला एक डीप फ्रीजर आणून दिला. तिला कळलं."

"फ्रीजर?" तिबोने विचारलं.

"मोठा होता," काका म्हणाले.

एवढ्यात रस्त्यावरून एक सायकल येताना दिसली. बेथची, पुढे टोपली असलेली. बेकरीवालीने तिलाही दिशा सांगितली असणार. त्यावर रेवा, लालबुंद, धापा टाकत. सायकल तिने स्टँडवर लावलीसुद्धा नाही, गवतात टाकली.

"माझ्यासाठी नोकरी सोडायची आणि मला सांगायचं नाही, हे रोमँटिक नाही," ती म्हणाली. "ते सीक्रेट आहे. उद्या तू माझ्यावर चिडशील आणि मला कळणारही नाही का."

"आणि तू माझा इंटरव्ह्यू घेत होतीस," तो म्हणाला. "डेंटिस्टबरोबर. दोन कँडिडेट."

"हो! इथे तसंच करतात!" मग तिचा आवाज खाली आला. "पण नोव्हेंबरनंतर मी कोणाला भेटले नाही. ते तुला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही."

नदीतून मोठमोठे ओंडके वाहत चालले होते. मग रेवाने पाठ ताठ केली, माझ्यासमोर आणि त्या काकांसमोर, आणि विचारलं, "तिबो, विल यू बी माय बॉयफ्रेंड?"

"मी ऑक्टोबरपासून आहे!"

"हो म्हण फक्त."

"हा प्रश्न मूर्खपणाचा आहे." तो फाटकावरून उतरला. "हो."

मी पाण्याकडे तोंड वळवलं. माझ्या वेळी नागपूरला आत्याच्या बैठकीत दोनदा पोहे झाले आणि तिसऱ्या वेळी तारीख ठरली होती. माझं काही वाईट झालं नाही. पण मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. या पोरीने सायकलवरून येऊन विचारलं. दोन दिवसांत पहिल्यांदा मला तिचा हेवा वाटला, आणि मग लगेच सायकल गाडीत कशी बसवायची याचा वैताग सुरू झाला. बसली नाही. रेवा सायकलने परत गेली, तिबो तिच्या मागे चालत, आणि मी दोघांच्या मागे ताशी चार मैलांच्या वेगाने, इंडिकेटर लावून.

दिवस तिसरा आणि घर

परतताना आम्ही सेंट लुइसवरून आलो, मोठा रस्ता, पाच तासांत घर. दोघं मागच्या सीटवर झोपले होते. नेपरव्हिल स्टेशनवर उतरताना रेवाने मला मिठी मारली आणि म्हणाली, ती आईला स्वतः सांगणार आहे. आठवडाभराने सांगितलंही. ताई माझ्याशी चार दिवस बोलली नाही.

जायचं असेल तर जरूर जा. इनची खोली रात्रीची दीडशे डॉलरच्या आसपास, नाश्ता त्यात आला. शांत गाव आहे, असं मी ऐकून आहे. मला ते तसं दिसलं नाही.

त्यानंतर रेवा आणि तिबो दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायला लागले. तिबो बाराला टेबलावर बसतो आणि तीन वाजले तरी उठत नाही. आधी भात, मग गप्पा, मग चीज, जे तो स्वतः घेऊन येतो आणि श्रीकांत सभ्यपणे पोळीबरोबर खातो. मला भांडी घासायची असतात, मशीन लावायचं असतं, रेवा आणि तो "ट्रॅफिक"चा उच्चार कोणाचा बरोबर यावर भांडत असतात. दर रविवारी संध्याकाळी मी श्रीकांतला सांगते की आता बस झालं.

गेल्या रविवारी ते आले नाहीत. प्लेनोला गेले होते, ताईला भेटायला. मी आणि श्रीकांत सव्वाबाराला बसलो आणि पंचवीस मिनिटांत उठलो. मग पुसलेलं टेबल बघत बराच वेळ काय करावं ते सुचेना.

अडीचला ताईचा फोन आला. दबक्या आवाजात बोलत होती, बहुतेक पँट्रीत जाऊन.

"अगं, हा मुलगा साडेबारापासून टेबलावरून उठतच नाहीये. मी काय करू?"

"तूही जाऊन बस," मी म्हटलं.