मुलीच्या हाताला आजीची बोटं

"हे जास्त कामामुळे झालेलं नाही. हा रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे," डॉक्टर इंग्रजीत म्हणाले आणि वळून कीबोर्डवर टाइप करू लागले. चेन्नईत एग्मोरजवळच्या त्या हॉस्पिटलात माझा नंबर लागेपर्यंत सकाळ संपून गेली होती. डॉक्टरांची दहाही बोटं भराभर चालत होती. मी त्यांच्याकडे बघत बसले आणि खरं सांगते, मला त्या बोटांचा राग आला.

रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजे आपण जिला म्हातारपणची सांधेदुखी म्हणतो, ती नव्हे. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा चुकून स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सांध्यांच्या आतलं अस्तर सुजतं, सकाळी बोटं आखडतात आणि वेळेवर औषध सुरू केलं नाही तर ती कायमची वाकडी होऊ शकतात. रक्ताची अँटी-सीसीपी नावाची टेस्ट करतात, ती पॉझिटिव्ह आली की डॉक्टरांचा संशय पक्का होतो. माझी आली होती. तेव्हा मी चौतीस वर्षांची होते.

मी सिरुसेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते आणि लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. लोक पहिल्याला नोकरी म्हणतात आणि दुसऱ्याला छंद. छंदाला डेडलाइन नसते, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. चित्रांची माझी वेळ पहाटेची. ऑफिसची बस यायच्या आधी दोन तास टेबलाशी बसायचं, असा अनेक वर्षांचा नेम होता.

आजाराने नेमके तेच दोन तास घेतले. उठल्यावर बोटं मिटायचीच नाहीत. ब्रश हातात धरला की गळून पडायचा. दुपारी ऑफिसात मात्र हात बऱ्यापैकी चालायचा, म्हणजे एक्सेल भरण्यापुरता. कंपनीचं नशीब माझ्यापेक्षा चांगलं होतं.

सुरुवातीला मी फार मनावर घेतलं नाही, कारण आमच्या मजल्यावर मनगट न दुखणारा माणूस शोधावा लागतो. एकाने पट्टा सांगितला, एकीने उभा माऊस सांगितला, मिरजेहून आईने तेल पाठवलं. सांगेल तो वैद्य. मीही पट्टा बांधून फिरत राहिले आणि या सगळ्याचं खापर माऊसवर आणि बारीक रेघांवर फोडत राहिले. त्यात कित्येक महिने गेले.

तेव्हा हातात एक पुस्तक होतं. वेंगुर्ल्याकडची नऊ वर्षांची मुलगी आजीकडून जाळं विणायला शिकते, अशी गोष्ट. पानोपानी हातच हात. समुद्र बघायला मी चेन्नईजवळच्या कोवलमला जायचे, तिथे होड्यांच्या सावलीत बसून जाळी दुरुस्त करणाऱ्यांची स्केचेस करायचे. त्या नादात एकदा वेंगुर्ल्याच्या होडीवर मी तमिळ अक्षरंही जशीच्या तशी उतरवली. पुण्याच्या आमच्या संपादक वैजयंतीताईंनी ते पान परत पाठवलं आणि खाली लिहिलं, "होडी फार लांबून आलेली दिसते."

पुढचंही एक पान त्यांनी परत पाठवलं. या वेळी फोन केला.

"मुलगी नऊ वर्षांची आहे ना गं?"

"हो."

"मग तिच्या हाताला आजीची बोटं का लावलीस? सांधे बघ केवढे जाड काढलेस. मागच्या पानावरही तसंच आहे."

मी चिडले. हात ही माझी खासियत आहे. बोटांची चित्रं मी मनाने काढत नाही, समोर बघून काढते, असं मी त्यांना जरा तोऱ्यातच ऐकवलं. त्या म्हणाल्या, "मग समोर कोणाचा हात होता?"

समोर माझा डावा हात होता. एकटीने काम करणारे बहुतेक चित्रकार हेच करतात. उजव्याने काढायचं आणि डाव्याला मॉडेल म्हणून टेबलावर बसवायचं. लहान मुलांचे हात काढताना तोच थोडा बारीक आणि गुबगुबीत करून घ्यायचा. फोन ठेवून मी तो दिव्याखाली धरला. मधल्या दोन बोटांचे सांधे फुगले होते, अंगठी कधीपासून फिरत नव्हती. मी ते इमानेइतबारे पानोपान काढलं होतं आणि एकदाही पाहिलं नव्हतं.

मग डोक्यात दुसरी गोष्ट आली. डाव्या हाताने मी ना ब्रश धरते, ना माऊस. तो बिचारा नुसता बसून असतो. मग त्याला काय झालं होतं? त्याच आठवड्यात मी हॉस्पिटलची अपॉइंटमेंट घेतली. तुमची दोन्हीकडची बोटं सकाळी तासतासभर आखडत असतील, तर पट्टे आणि तेलं बाजूला ठेवा आणि रुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे सांध्यांच्या अशा आजारांच्या डॉक्टरला दाखवा. मी उशीर केला, तुम्ही करू नका.

डॉक्टर माणूस म्हणून चांगले आहेत. पण त्या दिवशी त्यांनी विचारलं, "ड्रॉइंग ही हॉबी आहे ना? मग काही महिने बंद ठेवा."

"आणि टायपिंग?"

"ते चालेल, अधूनमधून ब्रेक घ्या. जॉब आहे, तो करावाच लागेल."

"उलटं करता येईल का?" मी विचारलं. डॉक्टर मनापासून हसले. मी विनोद करतेय असं त्यांना वाटलं.

घरी निखिलने, माझ्या नवऱ्याने, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बरण्यांची झाकणं, कुकर, माझ्या वेणीचा रबर, सगळं त्याने न बोलता अंगावर घेतलं. त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. पण "आधी तब्येत, मग बाकीचं" हे वाक्य त्याने इतक्यांदा म्हटलं की मला ते ऐकू आलं तरी दात शिवशिवायचे. आई फोनवर म्हणाली, "चित्रं कुठे पळून जातात का?" चित्रं जात नाहीत आई, प्रकाशक जातात. वैजयंतीताईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "मी थांबेन, पण फार नाही. शेवटची पानं राहिली तर दुसरं कोणीतरी बघावं लागेल." त्यांचंही चूक नव्हतं.

औषध मेथोट्रेक्सेट. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज चुकूनही नाही. ठरलेला वार लिहून ठेवा आणि घरच्यांनाही सांगून ठेवा. तिच्याबरोबर डॉक्टर फॉलिक अ‍ॅसिड देतात आणि मधूनमधून यकृताची रक्ततपासणी करतात. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं लागतं, तोही विषय आम्हाला डॉक्टरांच्या छोट्या खोलीत अनोळखी माणसासमोर काढावा लागला. मी गोळी रविवारी घ्यायचे, त्यामुळे सोमवारी सिरुसेरीच्या बसमध्ये मळमळत बसायचे. गुण यायला दोन-तीन महिने लागतील असं सांगितलं होतं. तेवढे दिवस फक्त मळमळ आली.

याच काळात डॉक्टरांनी मला ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवलं. दुखऱ्या हातांनी रोजची कामं कशी करायची, हे शिकवणारी ही व्यक्ती. तिचं नाव शांती. पहिल्याच भेटीत तिने विचारलं, "पेना कोंडु वंदींगळा?" पेन आणलंय का, हे मला कळलं, पण का विचारतेय ते कळलं नाही. इतक्या लोकांत काढून दाखव म्हणणारी ती पहिली होती. मी रेघा काढल्या. तिने माझी पकड पाहिली, जीभ टाळ्याला लावून चक् केलं आणि ड्रॉवरमधून एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम काढला. त्याचा तुकडा कापून पेनावर चढवला. म्हणाली, बोटं आवळू नका, कागद मोठा घ्या, हात खांद्यापासून हलू द्या, सकाळी नको, दुपारी काढा, दुखायला लागायच्या आधी थांबा.

मी तसं केलं. रेघ जाड आली. ज्या बारीक रेघांवर मी पंधरा वर्षं घालवली, त्या या फोमातून येत नाहीत. वैजयंतीताई म्हणाल्या, "नवी शैली छान आहे." मला नवी शैली नको होती, माझी जुनी हवी होती. अजूनही हवी आहे. मी तेव्हा रडले आणि मग जाड रेघेनेच पुढचं पान काढलं, कारण दुसरा पर्याय नव्हता. रविवारच्या दुपारी आणि घरून कामाच्या दिवशी, थोडं थोडं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी एकेक सांधा दाबून पाहिला. "मागच्या वेळेपेक्षा सूज किती कमी वाटते?" मला सांगता येईना. दुखणं दहापैकी किती, हेही मला कधी नीट सांगता आलेलं नाही. मी फोन काढला आणि पुस्तकाची पानं क्रमाने दाखवली. परत आलेलं पान, त्यानंतरचं, त्यानंतरचं. सगळीकडे माझाच डावा हात, जाळ्याचा दोरा धरलेला.

डॉक्टरांनी स्क्रीनवर चित्र मोठं केलं आणि माझा हात ओढून शेजारी ठेवला. बराच वेळ ते एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले.

"करंगळीशेजारच्या बोटाची सूज उतरलीय. मधलं अजून तसंच आहे. हे शेवटचं कधी काढलं?"

"गेल्या आठवड्यात," मी बोलून गेले. मग आठवलं की मला चित्रं काढायला मनाई होती.

त्यांनी गोळीचा डोस वाढवला, रक्ताच्या टेस्ट लिहिल्या आणि त्यांच्याखाली आणखी एक ओळ लिहिली. बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन मी ती वाचली. पुढच्या व्हिजिटला हाताचं नवीन चित्र घेऊन येणे.

आजार गेलेला नाही, जाणारही नाही, असं सांगितलं आहे. सकाळ अजून माझी नाही. आभार मानायचे तर शांतीचे, निखिलचे आणि सगळ्यांत आधी वैजयंतीताईंचे, त्यांनी माझ्या चित्राला नावं ठेवली म्हणून.

शेवटचं पान पाठवलं तेव्हा त्यांचा मेसेज आला, "जाळं पूर्ण झालं, सुरेख. पण मुलीचं मधलं बोट?"

मी लिहिलं, "ते सुजलेलंच आहे, ताई. तरी तिने विणलंय."

त्यांनी ते पान परत पाठवलं नाही.