आयव्हीच्या सुया

इंग्लंडातल्या सफकमध्ये रानोमाळ यंत्र फिरवून जमिनीतल्या जुन्या धातूच्या वस्तू शोधणाऱ्या डिटेक्टरवाल्यांत विल्फ गॅरडइतका साधा माणूस शोधून सापडायचा नाही, आणि त्याच्याइतका हट्टीही. नांगरलेल्या रानात वस्तू सापडली की त्या जागी खूण ठेवायची असते. कुणी आइस्क्रीमच्या काड्या खोचतं, कुणी बांबूच्या काटकीला पिशवीची पट्टी बांधतं. विल्फ मात्र बायकोच्या, आयव्हीच्या, विणायच्या सुया खोचायचा. त्याही धातूच्या! म्हणजे यंत्र त्या सुईवरच बोंब ठोकणार. एकदा तर पठ्ठ्याने अर्धा तास खणून स्वतःचीच सुई वर काढली.

"काय विल्फ, आज स्वेटर सापडला की मोजे?" त्याचा दोस्त नेव्हिल कुंपणापलीकडून ओरडायचा.

"तुझी अक्कल सापडते का बघतोय. यंत्र वाजतच नाही," विल्फ म्हणायचा.

खरं कारण त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. आयव्हीची बोटं संधिवाताने आखडली, विणकाम सुटलं, तेव्हा ती सुयांचा डबा कचऱ्यात टाकायला निघाली होती. "डोळ्यांसमोर नकोत मेल्या!" विल्फने डबा तिच्या हातून काढून घेतला आणि मला खुणेला हव्यात म्हणाला. मग तीच चिडली, नुसती सुई रानात दिसेल का, एवढंही कळत नाही? उरल्यासुरल्या लोकरीचे गोंडे तिनेच केले आणि दातांनी गाठी ओढत प्रत्येक सुईला वेगळ्या रंगाचा बांधून दिला. आता यंत्र कितीही बोंबललं तरी त्या सुया सोडायची विल्फची काय बिशाद होती!

मार्चमधल्या एका शनिवारी थर्कल नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या रानात त्याला अकरा जुनी चांदीची नाणी सापडली, नांगराने इकडेतिकडे विखुरलेली. प्रत्येक नाणं त्याने वेगळ्या पुडीत घातलं, पुडीत त्या-त्या सुईच्या लोकरीचा एक धागा घातला आणि सुया जागच्या जागी उभ्या ठेवल्या. रविवारी दुपारी संग्रहालयातली बाई मोजायची टेप घेऊन येणार होती. कुठलं नाणं कुठे पडलं होतं यावरून नाणी पुरलेलं मडकं एक होतं की दोन, आणि ते फुटलं कुठे, हे ती सांगणार होती. आणि सोमवारी थर्कल बार्ली पेरणार होता. म्हातारा परवानगी द्यायचा, पण पेरणीला एक दिवस थांबायचा नाही. आयुष्यात पहिल्यांदा विल्फच्या हाती असं काही लागलं होतं.

रविवारी सकाळी तो रानात गेला. अकराच्या अकरा सुया उभ्या होत्या, गोंडा एकीलाही नव्हता. चर्चच्या मनोऱ्यातल्या कावळ्यांचे घरटी बांधायचे दिवस! लोकर दिसली आणि पहाटेच फडशा पाडला मेल्यांनी. विल्फ मटकन बांधावर बसला. नेव्हिलसुद्धा हसला नाही, याचा अर्थ काय तो समजा.

"मी गाढव आहे गं," घरी येऊन विल्फ म्हणाला. "कुठलं नाणं कुठलं, काही कळत नाही आता."

आयव्ही नाताळपासून उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. तिने चहाचा कप खाली ठेवला. "गाडी काढ."

"अगं, चिखल आहे तिथे. तुझे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. गाडी काढ म्हणते ना!"

एका बाजूने विल्फ, दुसऱ्या बाजूने नेव्हिल, अशी आयव्ही रानात उतरली. पहिल्याच जाड सुईपाशी थांबली. "हिरवा. तुझं ते भयंकर कार्डिगन."

विल्फ बघतच राहिला. "तुला काय माहीत?"

"जी लोकर ज्या सुईने विणली ती तिलाच बांधली होती मी. कुठलीही कुठेही बांधायला मी काय नेव्हिल आहे?"

"आता मी काय केलं?" नेव्हिल कुरकुरला.

डोकं वाकलेली सुई, बहिणीच्या शालीची, पिवळी. चरा पडलेली, विल्फच्या कानटोपीची, तपकिरी. आयव्ही सांगत गेली, विल्फ एकेक पुडी सुईच्या बुडाशी ठेवत गेला. दहा झाल्या. अकरावी सुई सगळ्यांत बारीक होती. तिच्यापाशी आयव्ही थांबली.

विल्फच्या हातात एकच पुडी उरली होती, पांढऱ्या धाग्याची. काल तो धागा आत घालताना त्याचाही हात थांबला होता.

"राहू दे आयव्ही. एकच उरलीय. मला कळलं."

"नाही. मी सांगणार." तिने त्याचा हात घट्ट धरला. "पांढरी. आपल्या रोझीच्या झबल्याची."

रोझी दोन दिवस जगली होती. झबलं अंगात घालायची वेळच आली नाही. सेहेचाळीस वर्षं दोघांपैकी एकानेही ते नाव घरात उच्चारलं नव्हतं. नेव्हिल फाटकाकडे निघून गेला. विल्फचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत.

"तेवढा एक गोंडा तरी ठेवायचा होता गं त्यांनी," तो म्हणाला.

आयव्हीने मान वर करून मनोऱ्याकडे पाहिलं. तिथे कावळ्यांची ये-जा चालली होती. "नेऊ दे रे," ती म्हणाली. "इतकी वर्षं ती लोकर कपाटात पडून होती. कुणाच्या तरी पिल्लाला ऊब लागेल."

मग तिने विल्फच्या हातातली पुडी घेतली, त्याच्या खांद्याचा आधार घेऊन कशीबशी वाकली आणि स्वतःच सुईच्या बुडाशी ठेवली.